बेटावरून आलेल्या चार ओळी

तुमचा सख्खा भाऊ समुद्रातल्या एका बेटावर पहाऱ्याला आहे, परक्या देशाचं आरमार त्या बाजूला निघालं आहे, आणि तो नेमका कुठं उभा आहे हे तुम्ही छापून भर बाजारात वाटलं, तर तुम्ही स्वतःला काय म्हणाल?

मी काही म्हणत नाही. सात वर्षं झाली, अजून मला त्यासाठी शब्द सापडलेला नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, असं आई म्हणते. तेही आलं नाही. पाय मुरगळून बधिर झाला की आपण तो दाबून बघतो, तसं मी अधूनमधून ते दिवस दाबून बघते. काही लागत नाही.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. आईचं माहेर माणमधलं, म्हणजे कोरड्यातून आणखी कोरड्यात. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतकरी चळवळीतले. घरात धान्याच्या कणग्या दोन आणि पत्रकांचे गठ्ठे अकरा. मी बाराखडी शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. आयुष्यात सलग वाचलेले पहिले दोन शब्द ‘चालते व्हा’ हे होते. कुणी, कुठून चालतं व्हायचं ते आठवत नाही. शब्द मात्र छापखान्याच्या जाड खिळ्यांत होते आणि पुढं उद्गारचिन्ह होतं. मला वाटायचं, मोठ्या माणसांची भाषा अशीच असते.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी माणूस पलटणीत. दादानंही भरतीला जायचं ठरवलं, आणि आप्पांशी भांडून साताऱ्याला गेला. आला तो आरमारात भरती होऊन. गावाला हसू आवरेना.

“आरं गड्या, आटपाडीचा माणूस आन् समुद्रात? तुला पवायला तरी येतंय का रं?”

“येतंय की. विहिरीत शिकलोय.”

“विहिरीत? गुडघाभर पाण्यात? मग तू पवला न्हाईस, चाललास!”

दादाही हसला. आप्पा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, “जातोयस तर जा. डोळे उघडे ठेव आणि दिसेल ते लिहीत जा.” हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. दादानं पुढं जे केलं ते आप्पांच्या सांगण्यावरून केलं, आणि मी जे केलं तेही.

आता आमच्या गावातली एक रीत सांगायला हवी. ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही.

पलटणीतल्या माणसांची पत्रं आमच्याकडं पारावर वाचली जात. बायकांना वाचता यायचं नाही, म्हाताऱ्यांना दिसायचं नाही. दुपारी टपालवाला सायकल टेकवायचा आणि पत्रं सुभेदार तात्यांच्या हातात द्यायचा. तात्या ब्रह्मदेशात लढून आलेले, पेन्शनीत निघालेले. ते खणखणीत आवाजात पत्र वाचत. पत्रात एखाद्या पोरानं गावाचं नाव, पलटणीचा आकडा, कुठं हललो, किती जण आहोत, असलं काही लिहून टाकलं असेल, तर तात्या त्या जागेवर अंगठा ठेवत आणि म्हणत, “हितं अंगठा.” मग पुढं वाचत. अंगठ्याखाली काय होतं ते कुणी विचारायचं नाही. ज्याचं पत्र, त्याच्या आईनंसुद्धा नाही. वाचून झाल्यावर तात्या तेवढ्या जागेवर शाई फासून मगच पत्र घरी देत.

नवराबायकोच्या मजकुरावरही अंगठा पडायचा. तिथं मात्र पारावर गलका व्हायचा.

“तात्या, आवं सगळ्या पत्रावर अंगठाच हाय. आमाला काय निस्ती तारीख ऐकवता व्हय?”

“तुझ्या नवऱ्याला सांग, तारखेपुढं जरा बेतानं लिव म्हणावं.”

“बेतानं कशाला? तुमीच जरा अंगठा बारीक करा की!”

कायदा कुणी केलेला नव्हता. सेन्सॉरचा शिक्का सरकारचा असायचा, पण सरकारच्या नजरेतूनही काही सुटतं, म्हणून अंगठा. मला ही रीत लहानपणापासून माहीत होती आणि ती मला आवडायची नाही. मी पत्रकांवर वाढलेली. झाकलेलं काहीही मला सत्तेचं वाटायचं.

एकाहत्तर साली मी सांगलीला कॉलेजात होते. एका ओळखीच्या घरी राहत होते. नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी त्या घराच्या दारात एक उंच, काळा, सावकाश बोलणारा माणूस उभा राहिला. खांद्यावर खाकी पिशवी. कवठे महांकाळचा. दादाबरोबर त्याच बेटावर होता, रजेवर निघाला होता. बोटीनं मद्रास, तिथून गाडीनं मिरज. दादानं त्याच्याजवळ माझ्यासाठी पत्र दिलं होतं.

“टपालानं न्हाई टाकलं,” तो म्हणाला. “म्हणला, हातानं दे. लय दिवसांनी मन मोकळं केलंय म्हणला.”

मी चहा विचारला. तो म्हणाला, घरची वाट बघत असतील. आणि गेला. पाकिटावर शिक्का नव्हता. आम्हाला आलेलं दादाचं ते पहिलंच पत्र, जे कुणीही आधी वाचलेलं नव्हतं.

लांबलचक होतं. आईसाठी दोन पानं होती, त्यात समुद्राचा रंग होता, नारळ होते, आणि भाकरीची आठवण होती. आप्पांसाठी एक पान होतं. त्यात त्यानं आप्पांनी सांगितल्याप्रमाणं डोळे उघडे ठेवून जे दिसलं ते लिहिलं होतं. ते किती जण आहेत. हत्यारं कुठल्या काळातली आहेत. पहाऱ्याची जागा बेटाच्या कुठल्या अंगाला आहे, आणि खाली किनारा कसा आहे. कुणी उतरायचं म्हटलं तर कुठं उतरेल, हेसुद्धा. सगळं मिळून चार ओळी. त्या ओळी मी इथं देणार नाही.

आठवडाभरात युद्ध सुरू झालं. मी गावी आले, ते पत्र स्वतः घेऊन. पारावर नेलं नाही. मला वाचता येत होतं, मग तात्यांची गरज काय? आईला चुलीपुढं बसवून मीच सगळं वाचून दाखवलं. ती मध्येच थांबवून विचारायची.

“बेट म्हंजे केवढं असतंय गं? आपल्या गावाएवढं?”

आप्पा म्हणाले, “त्यापेक्षा लय मोठं.”

“मग पळायला जागा हाय,” आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

मग ती बातमी आली. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं सगळं गाव उभं होतं. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडं निघालं आहे. विमानं वाहणारं भलं मोठं जहाज आहे, बरोबर आणखी जहाजं आहेत. ती कशासाठी येताहेत हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून प्रत्येक जण सांगत होता. कुणी म्हणालं, कलकत्त्यावर जाणार. कुणी म्हणालं, कलकत्ता कशाला, समुद्रातली आपली बेटं मोकळीच पडलीत, तिथं उतरतील आणि ठाण मांडतील. तेव्हा सगळ्यांनी आमच्या घराकडं बघितलं. आई दारात उभी होती.

मी त्या दुपारी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, खाडाखोड न करता. मथळा तोच, ‘चालते व्हा!’ गरीब देशाला जहाजं दाखवून भेडसावणाऱ्यांवर मी लिहिलं. मग आपल्या सरकारवरही लिहिलं, की बेटांवर पोरं पाठवता तर हातात धड हत्यार का देत नाही? आणि पुरावा म्हणून, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, ‘माझा भाऊ लिहितो’ असं म्हणून त्या चार ओळी जशाच्या तशा घातल्या. पुराव्याशिवाय लिहू नये हे मला आप्पांनी शिकवलं होतं. त्यांनी मसुदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि म्हणाले, “चांगलं झालंय.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सांगलीला गेले. आप्पांची पत्रकं ज्या छापखान्यात छापली जायची, त्याचे मालक जैन गृहस्थ होते. दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जायचे, त्यामुळं काम चारच्या आत द्यावं लागे. मी दोन वाजता पोचले. त्यांनी उभ्याउभ्याच मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

“बाळ, हे पत्र घरातलं दिसतंय.”

“हो.”

“भावाला विचारलंस?”

“तो बेटावर आहे काका. कसं विचारणार?”

“मग थांब की चार दिवस.”

“आरमार थांबणार आहे का?”

ते हसले. “तुझा बाप बी असंच बोलतोय. एवढं ह्या ओळींचं बघ बाई. बाकीचं फर्मास आहे.”

मी म्हणाले, “ह्या ओळी काढल्या तर बाकीचं नुसती ओरड राहील.” आणि ते खरंही होतं. आज वाचलं तरी खरं वाटतं.

त्यांनी खिळे जुळवायला दिले. पायानं चालवायच्या यंत्रावर पाचशे प्रती निघाल्या, स्वस्तातल्या गुलाबी कागदावर. खाली नियमाप्रमाणं छापखान्याचं नाव. ओल्या शाईचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी परत आले. साडीवर मथळा उलटा उमटला.

बाजाराच्या दिवशी आप्पा आणि मी आटपाडीला उभे राहिलो. मेंढ्यांच्या बाजारापासून सुरुवात केली, बैलांकडून भाजीकडं आलो. लोक घेत होते. वाचता न येणारेही घेत होते आणि घडी घालून मुंडाशात खोचत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “पोरी, कशाचं हाय? बियाणाचं?” मी म्हणाले, “युद्धाचं.” तो म्हणाला, “फुकाट हाय नव्हं? मग दे.” तीन वाजता गठ्ठा संपला. मला इतकं हलकं वाटत होतं की मी आप्पांकडून दोन कप चहा पाजून घेतला.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी सुभेदार तात्या घरी आले. हातात गुलाबी कागद. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. अंगणात बसले आणि आईला म्हणाले, “वयनी, मूठभर चिंचोकं आणा.”

आईनं चिंचोके दिले. तात्यांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. “हा तुझ्या कागदातला किनारा.” रेघेच्या वर मातीचा लहानसा ढिगारा केला. “ही पहाऱ्याची जागा.” मग कागदात बघत एकेक चिंचोका मोजून त्या ढिगाऱ्यावर ठेवला. तेवढे ठेवून झाल्यावर उरलेले सगळे चिंचोके रेघेच्या खालच्या बाजूला ओतले. हातानं एक वळसा घेतला, ढिगाऱ्याच्या पाठीमागून. तिथं काय नाही, हेही दादानं लिहिलं होतं.

“झालं,” तात्या म्हणाले. “अर्धा तास. ब्रह्मदेशात आमाला असा कागद घावला असता तर देव पावला म्हटलं असतं.”

आप्पा म्हणाले, “तात्या, आटपाडीच्या बाजारातला कागद अमेरिकेच्या जहाजावर कवा पोचायचा?”

“न्हाई पोचायचा.”

“मग?”

“बहुतेक न्हाई पोचायचा. पर ह्या बहुतेकावर तू पोरं ठेवणार व्हय? तुझं बी एक हाय त्यात.”

  आई ढिगाऱ्याकडं बघत होती. तिनं मला विचारलं, “ह्यातला आपला कंचा?”

मी कुठलाही एक दाखवला. तिनं तो उचलला, पदराला पुसला आणि परत तिथंच ठेवला.

बधिरपण तिथं सुरू झालं. मला वाटतं लोक समजतात की अशा वेळी छातीत काही तरी तुटतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. कानात कापूस घातल्यासारखं झालं एवढंच. पुढच्या दोन दिवसांत आई, आप्पा आणि मी कागद परत गोळा करत फिरलो. आईला वाचता येत नव्हतं, पण रंग ओळखता येत होता. ती पाटी घेऊन दारोदार जायची आणि म्हणायची, “गुलाबी कागद हाय का?” काही जणींनी चुलीत घातला होता. भज्याच्या गाड्यावर तेलात भिजलेले सापडले. एका शाळामास्तरांनी दिला नाही, म्हणाले, चांगला लिहिलाय, मी वर्गात वाचणार आहे. मी त्यांना कारण सांगितलं. सांगताना पुन्हा एकदा तीच जागा माझ्याच तोंडून गेली, हे वाक्य संपल्यावर लक्षात आलं. गोळा झालेले मोजले, तर निम्म्याहून बरेच कमी होते. संध्याकाळी आम्ही रेडिओपुढं उभे राहायचो. जहाजं कुठवर आली, एवढंच ऐकायचं. आई सांगायची, “हळू लावू नका रं, मोठ्यानं लावा.”

तिसऱ्या की चौथ्या दिवशी युद्ध संपलं. ढाक्यात शत्रूच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. आरमार कुठल्याही बेटावर उतरलं नाही, आलं तसं गेलं. गावात गुलाल उधळला, पारावर पेढे वाटले. तात्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि माझ्याकडं बघितलं नाही. मी तो खाल्ला. गोड आहे हे कळत होतं, आणखी काही कळत नव्हतं. मला वाटलं, संपलं. भाऊ जिवंत आहे, बेट जागेवर आहे, आता चार दिवसांत कान मोकळे होतील.

जानेवारीत जिल्ह्याहून साध्या कपड्यातली दोन माणसं आली. छापखान्यानं नियमाप्रमाणं सरकारात पाठवलेली प्रत त्यांच्या फायलीत होती. त्यांनी मूळ पत्र मागितलं. आप्पांनी काढून दिलं.

मी म्हणाले, “लिहिलं मी, छापलं मी, वाटलं मी. मला घेऊन चला.” मी साडी बदलून, केस बांधून तयारच होते. तुरुंगात न्यायच्या दोन वह्याही काढून ठेवल्या होत्या. ह्या क्षणाची मी लहानपणापासून वाट बघत होते, हे कबूल करायला हवं.

त्यातला वयस्कर माणूस हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, “बाई, तुमच्यावर काही नाही. तुम्ही अभ्यास करा. हे पत्र लिहिलं कुणी आणि शिक्क्याशिवाय बाहेर आणलं कुणी, तेवढंच बघायचंय.” पाणी प्यायले आणि गेले.

फेब्रुवारीत दादाचं पत्र आलं. टपालानं, शिक्क्यासकट. त्यात एकच ओळ होती. ‘मी खुशाल आहे, तुम्ही सर्व खुशाल असा.’ तात्यांनी पारावर वाचलं. वाचायला इतकं थोडं होतं की बायकांनाही काही बोलता आलं नाही. पुढच्या महिन्यात तीच ओळ. त्याच्या पुढच्या महिन्यात तीच. आई पत्र हातात घेऊन मागून पुढून बघायची, जणू मजकूर कुठं तरी चिकटून राहिला असेल.

त्याला रजा मिळाली ती दीड वर्षानं, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. दुष्काळ होता आणि रस्त्याच्या कामावर निम्मा गाव खडी फोडत होता. आई आणि मीही जात होतो. दादा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या हातातली हातोडी घेऊन तिच्या जागी बसला. मुकादम म्हणाला, “आरं, तू सरकारी माणूस, तुझं नाव हजेरीत न्हाई.” दादा म्हणाला, “आईच्या नावावर फोडतोय.” बाहीवरची हुद्द्याची खूण गेली होती, हे मला त्याच्या ट्रंकेतल्या सदऱ्यावर दिसलं होतं. तिथं धाग्याची भोकं उरली होती.

तीन दिवस तो माझ्याशेजारी बसून खडी फोडत होता. बोलला नाही असं नाही. “पाणी दे,” म्हणाला. “सरक, चिपरी उडंल,” म्हणाला. चौथ्या दिवशी मीच म्हणाले, “दादा, बोल की काही तरी. शिव्या दे.”

तो फोडत राहिला. फोडता फोडताच म्हणाला, “कवठ्याचा तो तुझ्याकडं आला होता ना?”

“हो.”

“मी त्याचं नाव सांगितलं न्हवतं. महिनाभर आत ठेवलं, तरी सांगितलं न्हाई. त्यानं आपून होऊन सांगितलं. मला सोडतील म्हणून.” एक मोठा दगड होता, त्याला चार घाव घालावे लागले. “माझी खूण काढली. त्याला नोकरीतनं काढून घरी पाठवला. तू त्याच्या घरी गेलीस का?”

मला हे माहीतच नव्हतं. मी तसं म्हणाले.

“आता झालं ना म्हाईत,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कवठे महांकाळला गेले. तो घरापुढं सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत बसला होता. सायकलदुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं होतं. मला ओळखून उठला, आत आवाज देऊन पाणी आणि गूळ मागवला. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. येताना गाडीत घोकलं होतं, तरी पत्रकासारखंच झालं, मुद्देसूद. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

“तुमचा कागद चांगला होता म्हणतात,” तो म्हणाला. “मी वाचला न्हाई. चौकशीत म्होरं ठेवला होता, तवा निस्त्या चार ओळींखाली रेघा मारलेल्या दिसल्या. बाकीचं वाचायला कुणी दिलंच न्हाई.”

“मी काय करू?” मी विचारलं.

“आता काय करणार? बसा, गूळ खावा.” मग ट्यूब पाण्यातून काढत म्हणाला, “ताई, एक सांगा. आमी तिथं इतकं कमी हाय हे छापून, तुमच्यामुळं एक तरी बंदूक जादा आली असंल का?”

मी म्हणाले, माहीत नाही.

“मला बी न्हाई म्हाईत. आली असंल तर बरं हाय.” आणि तो ट्यूब पुसायला लागला. हे तो कुजकटपणे म्हणाला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. 

एवढं झाल्यावर मी लिहिणं सोडायला हवं होतं, असं काहींना वाटेल. मी सोडलं नाही. मला दुसरं काही येत नाही, आणि जहाजं पाठवून दुसऱ्याचा समुद्र अडवणाऱ्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. फक्त तेव्हापासून मी लिहिते ते कुणी तरी दुसऱ्यानं सांगितल्यासारखं लिहिते. हात चालतो.

हे सगळं आज लिहायचं कारण असं. हिंदी महासागरात आता दुसऱ्याच एका बेटावर परक्यांचा तळ उभा राहतो आहे, आणि त्याविरुद्ध साताऱ्यातल्या काही तरुण मंडळींनी मोहीम काढली आहे. त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांना कुठून तरी माझं जुनं गुलाबी पत्रक मिळालं, आणि ते त्यांनी पुन्हा छापायला घेतलं आहे. मी साताऱ्याला जाऊन त्यांना विनवलं की छापा, पण त्या चार ओळी गाळा. भाऊ अजून नोकरीत आहे. काढलेली खूण यंदा परत मिळायची आहे. ते पान पुन्हा वर आलं तर ती फाईल पुन्हा उघडेल.

त्यांच्यातली एक मुलगी, वयानं तेव्हाच्या माझ्याएवढी, म्हणाली, “ताई, सात वर्षांपूर्वीची जागा ती. आता काय बिघडतंय? आणि त्या ओळी काढल्या तर राहिलं काय, नुसती ओरड.”

मी तिच्याशी वाद घालू शकले नाही. वाक्य माझंच होतं, सात वर्षांपूर्वी छापखान्यात म्हटलेलं. छपाई झाली आहे असं परवा कळलं.

हा लेख लिहिण्याआधी मी दादाला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. पत्र पाठवलं आणि वाट बघितली, पाच आठवडे. उत्तर आलं. ‘मी खुशाल आहे. लिही. जागा नको.’ सात वर्षांत त्यानं लिहिलेलं सगळ्यात मोठं पत्र. आईला वाचून दाखवलं, तर तिनं तीनदा वाचायला लावलं. मला काही वाटायला हवं होतं. मी ते घडी करून ठेवलं आणि लिहायला बसले.

तेव्हा एवढंच मागते. ते पत्रक तुमच्या हातात पडेल. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठल्या तरी स्टँडवर कुणी तरी ते तुम्हाला देईल. घ्या. खिशातलं पेन काढा. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘माझा भाऊ लिहितो’ असे शब्द आहेत. त्यांच्या पुढच्या चार ओळी न वाचता खोडा, अक्षर दिसणार नाही अशा खोडा, आणि मग उरलेलं वाचा. ते सगळं मी अजूनही मानते.

पेन नसेल तर तेवढा तुकडा फाडा आणि जाळून टाका.

शेजारच्यालाही सांगा.